मधूच्या सॅक्सोफोनातली पन्नास पावलं

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी केजच्या बसस्टँडवर बीडच्या गाडीकडे बघत उभा होतो. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली, पण सकाळी एकदा स्टँडवर जाऊन गाड्या वेळेवर सुटतात की नाही हे बघितल्याशिवाय मला करमत नाही. घरात यावरून माझी टर उडवतात, उडवू देत. फोन पुण्याहून रेणुकावहिनींचा होता, मधूच्या बायकोचा. "भावजी, पहाटे गेले," एवढंच बोलून त्यांनी विचारलं, मामांना कसं सांगायचं? मामा म्हणजे मधूचे वडील, लिंबाजी मास्तर, वय अठ्ठ्याऐंशी. ते माझ्या घरापासून चार दारं सोडून राहतात आणि त्यांचा दोन वेळचा डबा माझ्याच घरून जातो. मी म्हणालो, मी सांगतो. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं की मास्तरांना एक नाही, दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मधू गेला ही एक. दुसरी गेली चाळीस वर्षं माझ्यापाशी पडून होती, आणि ती सांगायची परवानगी मधूनं मला अगदी शेवटच्या भेटीपर्यंत दिली नव्हती.

मधुकर लोखंडे हे नाव या पुरवणीच्या किती वाचकांना ठाऊक असेल, मला अंदाज नाही. पुण्या-मुंबईतल्या काही लोकांना आणि जर्मनी-हॉलंडमधल्या त्याहून जास्त लोकांना तो ठाऊक होता. तो सॅक्सोफोन वाजवायचा. आधी पंक, मग जॅझ, मग दोन्हींची मोडतोड करून स्वतःचंच काहीतरी. ज्यांना त्याचं वाजवणं आवडायचं ते त्याला जिवापाड जपायचे, आणि ज्यांना आवडायचं नाही ते पाच मिनिटांत उठून जायचे. मधलं कुणी मी पाहिलं नाही. तो गेल्यावर इंग्रजी पेपरांत दोन-तीन लेख आले, ते माझ्या मुलीनं मला मराठी करून वाचून दाखवले. त्यांत 'बीडसारख्या मागास जिल्ह्यातून येऊनही' असं एक वाक्य होतं. ते ऐकून माझं डोकं फिरलं. त्या 'येऊनही'वाल्याला कुणीतरी सांगायला पाहिजे की मधूनं जगभर जे वाजवलं ते तो इथूनच घेऊन गेला होता, केजच्या बाजारपेठेतल्या एका बँडच्या दुकानातून. तेच आता मी सांगतो आहे.

लिंबाजी मास्तरांचा बँड त्या काळी तालुक्यात पहिल्या नंबरचा. लग्नाची तारीख काढायच्या आधी लोक मास्तर मोकळे आहेत का विचारून जायचे. मी, म्हणजे सगळ्यांचा नाम्या, मूळचा चकलांब्याचा, गेवराई तालुक्यातला. घरी मेंढरं. जत्रेत मी ढोल वाजवायचो, तो मास्तरांच्या कानावर पडला आणि त्यांनी माझ्या गळ्यात साइड ड्रम अडकवला. मेंढरं सोडून लोकांच्या लग्नात ड्रम बडवणारा मुलगा माझ्या वडिलांना नको होता. "गेलास तर परत यायचं न्हाई," असं ते म्हणाले, आणि मी तसा आज्ञाधारक असल्यानं परत गेलो नाही. मास्तरांनी दुकानाच्या मागच्या खोलीत मधूशेजारी माझं अंथरूण टाकलं. मधूची आई तो लहान असतानाच वारली होती, त्यामुळे स्वयंपाक मास्तरच करायचे, आणि भाकरी फुगली नाही की गिरणीवाल्याच्या नावानं बोटं मोडायचे. मधू आणि मी एकाच वयाचे, बावीस-बावीसचे. एका ताटात जेवायचो, एकच गुलाबी झालरीचा लाल कोट आलटूनपालटून घालायचो, कारण दुसरा कायम धोब्याकडे असायचा.

मधूचा सॅक्सोफोन मास्तरांनी हैदराबादच्या एका मोडलेल्या बँडकडून आणला होता. त्याच्या पोटाला मोठा पोचा होता आणि एक कळ सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेली होती. मधू ठरलेली गाणी ठरल्यासारखी वाजवायचा, पण दोन कडव्यांच्या मधे जी मोकळी जागा असते तिथं शिरला की त्याला आवरणं कठीण. कधी एसटीचा हॉर्न काढायचा, कधी वासरू चुकलेल्या गाईचं हंबरणं, कधी नुसताच फाटका, घोगरा श्वास. डोळे घट्ट मिटायचा. वऱ्हाडातली पोरं खूश व्हायची, म्हातारी माणसं कानावर हात ठेवायची, आणि मास्तर क्लॅरनेट तोंडातून न काढता त्याच्याकडे असं बघायचे की दुसरा कुणी असता तर जागच्या जागी गार झाला असता. "गानं वाजव बे, त्येची चेष्टा करू नगंस," असं ते दुकानात आल्यावर म्हणायचे. मधू हो म्हणायचा आणि पुढच्या लग्नात तेच करायचा.

आमच्या धंद्यात एक नियम होता, तो आता डीजेवाल्यांना सांगूनही कळायचा नाही. ज्या घरात मयत होऊन तेरा दिवस झालेले नाहीत, त्या घरासमोरून बँड वाजत जायचा नाही. घर यायच्या पंचवीस पावलं आधी थांबायचं, डोक्यावरची टोपी काढायची, वाद्य छातीशी धरायचं आणि गपचूप चालायचं. घर मागं टाकून पंचवीस पावलं झाली की मगच पुन्हा सुरुवात. पन्नास पावलं सगळं वऱ्हाड, घोडा आणि घोड्यावरचा नवरदेवसुद्धा मुका. यासाठी कुणाच्या घरी दुःख आहे हे आधी माहीत पाहिजे, म्हणून बँडमधला एक जण दुपारीच मिरवणुकीच्या सगळ्या वाटेनं चालत जाऊन चौकशी करून यायचा. त्याला आम्ही 'वाट बघून येणं' म्हणायचो. पुढं साइड ड्रमवाला चालतो, ड्रमच्या कडेवर दोन टिपऱ्या मारून बँड थांबवायचं काम त्याचं, म्हणून वाट बघायचं कामही त्याचंच. म्हणजे माझं.

केजजवळच्या एका गावात लग्न होतं. मी वाट बघायला निघालो आणि मांडवाच्या कोपऱ्यावरच अडकलो. तिथं एका ट्रान्झिस्टरवर क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती, आपली शेवटची जोडी मैदानात होती आणि पंधरा-वीस माणसं श्वास रोखून ऐकत होती. मीही बसलो. म्हटलं, दोन ओव्हर ऐकू आणि जाऊ. सामना संपला तेव्हा मास्तर कोट घालून तयार होते. त्यांनी विचारलं, आणि मी डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, वाट मोकळी आहे. नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला घेऊन परण्याची मिरवणूक निघाली. चांगलं ऊन होतं, गर्दी होती, मधू रंगात आला होता. एका वळणावर मला एक घर दिसलं, ओट्यावर पुरुष माणसं खाली माना घालून बसलेली. मी टिपऱ्या मारल्या. ड्रम थांबला, ट्रम्पेट थांबले, मास्तर थांबले. मधू थांबला नाही. तो डोळे मिटून त्याच्या त्या मोकळ्या जागेत शिरला होता आणि त्याला टिपऱ्या ऐकूच आल्या नाहीत. सगळा गाव गप्प झालेला आणि त्यात एकटा सॅक्सोफोन, पुरं एक मिनिट तरी. घरातून एक बाई दारात आली. तिचा वीस वर्षांचा मुलगा सहा दिवसांपूर्वी विहिरीत पडून गेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दाराला धरून म्हणाली, "जरा दमानं जा रं, लेकरांनो." तेव्हा मधूनं डोळे उघडले.

पुढं व्हायचं ते झालं. भाऊबंद उठले, वऱ्हाडातल्या जाणत्यांनी हात जोडले, मास्तरांनी त्या ओट्यावर डोकं ठेवून माफी मागितली. तिथून शंभर पावलांवर आल्यावर त्यांनी वळून विचारलं, वाट कुणी बघितली? मी तोंड उघडायच्या आत मधू म्हणाला, "मी गेलतो. नाम्याचा पाय लचकलाय, त्याच्या बदली मी गेलतो. वाट मोकळी हाय म्हून त्याला मीच सांगितलं." मास्तरांनी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. म्हणाले, "मी जित्ता हाय तवर केज तालुक्यात तुजं वाद्य वाजायचं न्हाई." मधूनं का असं केलं हे मला तेव्हाच कळलं होतं. त्याला बाप होता, घर होतं. चार दिवसांनी राग शांत झाला की त्याला परत घेतील असा त्याचा हिशोब. मला काढलं असतं तर जायला जागा नव्हती. पण मास्तरांचा राग शांत झाला नाही, आणि दिलेला शब्द तर त्यांनी उभ्या जन्मात मागं घेतलेला नाही. आठवड्याभरात मधू सॅक्सोफोन घेऊन पुण्याला गेला. आणि मी? मी पुढचे चार दिवस लंगडत चाललो. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते.

पुण्यात सात-आठ वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या बँडमधून लग्नंच वाजवली. मग एका हॉस्टेलच्या गल्लीतून जाताना त्याचं ते मधल्या जागेतलं आरडाओरड्याचं वाजवणं इंजिनिअरिंगच्या चार पोरांनी वरच्या खिडकीतून ऐकलं आणि ती जिन्यानं धावत खाली आली. त्यांचा एक बँड होता, नाव 'बोंब'. तोवर मला एसटीत नोकरी लागली होती, लग्न झालं होतं. मधूनं बोलावलं म्हणून मी त्यांचा कार्यक्रम बघायला गेलो. पंक म्हणजे काय हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. दीड-दोन मिनिटांचं एक गाणं, त्यात तीनच सूर, आणि गाणारा पोरगा माइक चावून खाईल असं वाटावं इतका चिडलेला. पहिलं गाणं सुरू झालं आणि समोरची पोरं एकमेकांवर उड्या मारायला, धडका द्यायला लागली. मला वाटलं, मारामारी झाली. नोकरीची सवय, मी मधे घुसून "पुढं सरका, पुढं सरका, दारात गर्दी करू नका" असं दोघातिघांना बाजूला करत स्टेजपर्यंत पोचलो. वरून मधूनं मला पाहिलं आणि हसण्यामुळे त्याला पुढचं अर्धं गाणं वाजवताच आलं नाही. पण मग तो वाजवायला लागला, आणि एवढ्या गोंधळात मला एकदम ओळखीचं काहीतरी ऐकू आलं. वासरू चुकलेली गाय होती ती. केजला जिच्यासाठी त्यानं बोलणी खाल्ली, तिच्यावर इथं पोरं नाचत होती. मी भिंतीला टेकून रडलो. शेजारच्या केस रंगवलेल्या पोरानं मला पाणी आणून दिलं.

जॅझकडे तो गेला तो कॅम्पात पियानो शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंमुळे. त्या 'बोंब'च्या कार्यक्रमाला कशा काय आल्या होत्या देव जाणे. त्यांनी त्याला सांगितलं की तुला बोलता येतं, पण ऐकता येत नाही. मधूला ते लागलं. पाच वर्षं तो दर दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसला, नोटेशन वाचायला शिकला, आणि मुख्य म्हणजे दुसरा वाजवत असताना गप्प राहायला शिकला. मला त्यानं जॅझ समजावून सांगितलं ते असं, की पारावर चार जण बसलेत, विषय एकच आहे, पण प्रत्येकाची पाळी आली की तो आपल्या घरचं बोलतो. एवढं पुरे होतं मला. पुढं त्याच्या तीन रेकॉर्ड निघाल्या, तो परदेशात जायला लागला. विमानतळावरून फोन करायचा आणि इथला पाऊस विचारायचा. तिथल्या कुणी दिलेल्या नव्या कोऱ्या सॅक्सोफोनवर तो कधी फार रमला नाही. पोचा पडलेलाच बरा, म्हणायचा, त्यात आवाजाला टेकायला जागा मिळते.

दर वर्षी दिवाळीत तो केजला यायचा. बापाच्या पाया पडायचा, दोघं समोरासमोर बसून जेवायचे, पिकापाण्याचं बोलायचे. त्या थोबाडीत मारल्याचा विषय दोघांनी कधी काढला नाही आणि मधूनं तालुक्यात एक सूर वाजवला नाही. हात तर शिवशिवायचे. मग तो माझ्याबरोबर बीडच्या गाडीत बसायचा आणि पुढं पालीला जायचा. तिथं त्याची बहीण दिली आहे. पाली म्हणजे बीड तालुका, तिथं शब्द आड येत नव्हता. बिंदुसरेच्या धरणाकाठी, पाण्याकडे तोंड करून तो दोन-दोन तास वाजवायचा, आणि म्हशी राखणारी माणसं लांबून ऐकत उभी राहायची. सुट्टी असली की मीही जायचो. तिथं मी त्याला किमान दहा वेळा म्हटलं असेल की मधू, मी सांगतो मास्तरांना खरं. प्रत्येक वेळी तो उडवून लावायचा. एकदा मात्र वाद्य खाली ठेवून नीट बोलला. "सांगून काय करतूस बे? म्हातारा मला परत बोलवंल. मंग मला वरातीत वाजवावं लागंल. तू त्या दिवशी वाट बघून आला अस्तास ना, तर मी आज बी घोड्यापुढंच असतो." मग हसला. "लई उपकार झाले तुझे. आता गप ऱ्हा." मी गप्प राहिलो. त्याला गंमत सुचत होती, पण त्याच्या वाट्याचा बाप मला मिळाला होता. मास्तरांच्या शेजारी मी राहत होतो, त्यांना दवाखान्यात मी नेत होतो, माझ्या मुलीच्या बारशाला क्लॅरनेट त्यांनी वाजवलं. मुलगा धरणावर वाजवत होता आणि बापानं त्याला ऐकलं नव्हतं. टीव्हीवर एकदा मधू दिसला तेव्हा मास्तर उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. शब्द तो शब्द, त्यांच्या लेखी टीव्हीसुद्धा केज तालुक्यातच होता.

मधूचा शेवटचा मोठा कार्यक्रम मी पुण्यात पाहिला. सहा जण होते स्टेजवर. आवाज चढत चढत इतका चढला की माझ्या छातीतली हाडं वाजायला लागली, आणि तेवढ्यात सगळं थांबलं. एकदम. सहाही जणांनी वाद्यं छातीशी धरली आणि स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत फिरून, गपचूप चालायला लागले. सभागृहात फक्त सहा जोडी बुटांचा आवाज. मी मोजायचं म्हणून मोजत नव्हतो, पण पायांना आठवत होतं. पंचेचाळीस... एकोणपन्नास... पन्नास. आणि सॅक्सोफोन पुन्हा सुरू झाला, अगदी हळू. नंतर कळलं की गेली वीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमात तो हे करत होता. जर्मनीतल्या एका पेपरनं त्यावर 'कोरड्या मुलखातलं मौन' असं मोठं काव्यमय लिहिलं होतं. मधूनं ते मला पोट धरून हसत सांगितलं होतं, पण ते मौन म्हणजे नेमकं काय हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर मी आत गेलो. तो घाम पुसत होता. मला बघून म्हणाला, "तवा थांबलो न्हाई ना... म्हून थांबतो."

त्यानंतर दोन वर्षांत त्याच्या फुप्फुसांनी साथ सोडली. फुंकणाऱ्या माणसाला तोच आजार व्हावा याचा मला फार राग आला, त्याला नाही. शेवटचा भेटलो तेव्हा तो खिडकीशी खुर्चीत बसला होता, नाकाला नळी, आणि बोटं मांडीवरच्या चादरीवर चालू होती, कळा दाबल्यासारखी. मी पुन्हा तोच विषय काढला. आता तरी सांगू का? तो म्हणाला, आता वाजवायला दम कुठाय, कशाला म्हाताऱ्याला त्रास. रेणुकावहिनी चहा ठेवून गेल्या. "माझ्यासाठी नगं सांगूस," तो म्हणाला. "तुला जड झालं असंल तर सांग." एवढं मोठं मन कुठून आणतात माणसं, मला अजून कळलेलं नाही. मी फक्त घेत आलो त्याच्याकडून, आणि घेतल्याबद्दल त्यानं मला कधी खाली मान घालायला लावली नाही.

फोन आला त्याच सकाळी मास्तरांना घेऊन मी पुण्याला गेलो. मधू गेला हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते पीठ चाळत होते. त्यांनी चाळण बाजूला ठेवली, हात धुतले, धोतर बदललं. दहावा झाला, तेरावा झाला, आम्ही केजला परतलो. चौदाव्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेलो आणि तो उघडायच्या आधीच सगळं सांगितलं, ट्रान्झिस्टरपासून. मास्तर ऐकत होते. त्यांचं दुकान आता नावालाच दुकान आहे. बँड मोडून पंधरा वर्षं झाली, भिंतीवर दोन ट्रम्पेट आणि माझा ड्रम टांगलेला. मी संपवल्यावर त्यांनी विचारलं, "मंग तू लंगडत होतास ते?" मी म्हणालो, खोटं. वाटलं, आता उठून मलाही मारतील. मारलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. "मंग मी कुणाला मारलं, नाम्या?" ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "चाळीस वर्सं. कावून सांगितलं न्हाईस?" मी म्हणालो, त्यानं सांगू दिलं नाही. का, तेही सांगितलं, घोड्यापुढंच राहिलो असतो म्हणायचा ते. ते ऐकून मास्तर रडले. मीही. डबा तसाच राहिला.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं की मधू वाजवायचा कसा. मी म्हणालो, मी काय सांगणार, माझ्या फोनमध्ये आहे, पण तालुक्यात वाजवलं तर तुमचा शब्द मोडेल. ते म्हणाले, "मोडू दे." मी घरी जाऊन मुलीचा छोटा स्पीकर घेऊन आलो. मास्तरांनी तोवर काठीच्या आधारानं उठून दुकानाचं अर्धं शटर पूर्ण वर करायला शेजारच्या शिंप्याला बोलावलं होतं. बाजारपेठेतून लोक जात-येत होते. मी तो पुण्याचा कार्यक्रम लावला. मास्तर पहिली पाच मिनिटं कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. हे संगीत त्यांचं नव्हतं आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. आवाज चढत गेला, शिंपी मशीन थांबवून दारात आला. आणि मग सगळं थांबलं. मी सांगायला तोंड उघडलं की मास्तर, स्पीकर बिघडलेला नाही... पण ते उठत होते. भिंतीला धरून, गुडघ्यावर हात देऊन उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली. ओठ हलत होते. स्पीकरमधून फक्त बुटांचा आवाज येत होता. सॅक्सोफोन पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांनी टोपी घातली आणि खाली बसले. "एक बी पाऊल सोडलं न्हाई त्यानं," ते म्हणाले.

आता रोज चार वाजता ते मला निरोप धाडतात. मी स्पीकर घेऊन जातो, शटर वर करतो. तिन्ही रेकॉर्ड त्यांनी ऐकल्या आहेत, 'बोंब'ची गाणीसुद्धा, ज्यांतल्या शिव्या ऐकून शिंप्यालाच संकोच वाटला, मास्तरांना नाही. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून अजून आलेला नाही. त्यांनी तो आयुष्यात कुणालाच दिलेला नाही. ते चुका काढतात. इथं श्वास लवकर तोडला, तिथं बोट सरकलं, ह्या जागी ढोलवाल्याला थोडं पुढं जाऊ द्यायला पाहिजे होतं. काल एका ठिकाणी त्यांनी हात वर करून मला थांबवायला लावलं, तोच तुकडा तीनदा ऐकला आणि म्हणाले, "हितं घाई करतोय. सांग त्याला, लई घाई करू नगंस म्हनावं, मी हाय ऐकायला." मी म्हणालो, सांगतो मास्तर. आणि परत पहिल्यापासून लावलं.